मळ्यावरची गोधडी : वाचकांचे प्रश्न

दर थंडीत मैत्रिणी आमच्या मळ्यावर मुक्कामाला येतात आणि अंगणात बसून गोधड्या शिवतात, त्याबद्दल मी मागच्या अंकात लिहिलं होतं. मळा इंदुराहून देपालपूरकडे जाताना लागतो. तीन एकर आहे. गहू, लसूण, थोडा हरभरा आणि दोन गाई. त्या लेखावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरलं. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे. काही जणींनी नाव छापू नका असं कळवलं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यांची सुती नऊवारी लुगडी ट्रंकेत तशीच आहेत. नणंद म्हणते, गोधडी कर. पण कात्री हातात घेतली की हात पुढे जात नाही. काय करू? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

कात्री उचलूच नका. नऊवारीची गोधडी बिनकात्रीची होते आणि तीच चांगली होते.

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. लुगडं सतरंजीवर पसरा आणि लांबीत चार घड्या घाला, एक पुढे, एक मागे, अशा उलटसुलट. जवळजवळ पावणेसात फूट लांबी मिळते आणि लुगड्याचा पन्हा तीच रुंदी. एका माणसाच्या पांघरुणाला हे माप पुरतं. अशा घड्या घातल्या की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा, दोन्ही थर सुलट बाजूनंच बाहेर येतात. काठ आपोआप दोन्ही कडांना बसतात, वेगळी किनार लावावी लागत नाही. लुगडं विरलेलं असतं ते बहुधा मधल्या भागात, काष्ट्याच्या आणि बसण्याच्या जागी. तो भाग आतल्या दोन थरांत जातो. पदर वरच्या थरात येईल असं बघा, पण पायाकडच्या टोकाला. डोक्याकडची कड केसांच्या तेलानं लवकर मळते.

सुरुवात ठेवणीतल्या लुगड्यानं करू नका. त्या रोज नेसत असतील ते घ्या. रोज धुतलेलं सूत जितकं मऊ होतं तितकं कपाटातलं कधी होत नाही. माझ्या आईच्या एका लुगड्याच्या पदराच्या कोपऱ्याला कायमची चुणी पडलेली आहे. त्या कोपऱ्यात ती सुटे पैसे गाठ मारून ठेवायची. किती धुतलं, किती इस्त्री फिरवली तरी ती चुणी गेली नाही. गोधडी करताना मी तो कोपरा ताणून सरळ केला नाही, होता तसाच टाक्यांत घेतला. माझा नातू झोपताना तोच कोपरा मुठीत धरतो.

आणि नणंदबाईंना बोलवा. त्यांनी ही लुगडी तुमच्याही आधीपासून पाहिली आहेत. कुठलं कुणाच्या लग्नात घेतलं, कुठलं कुणी दिलं, हे त्यांना ठाऊक असणार. दोघी समोरासमोर बसा आणि दोन बाजूंनी शिवत या. एक लुगडं तसंच ठेवावंसं वाटलं तर जरूर ठेवा, सगळी संपवलीच पाहिजेत असं नाही. पण ट्रंकेत पडून राहिलेली लुगडी टिकतात हा समज काढून टाका. कसर लागते, आणि कसर नाही लागली तरी सूत घडीवर विरतं. पाच-दहा वर्षांनी उघडाल तर घडीच्या रेघेवर फाटलेलं निघेल.

आमची आठ जणींची भिशी आहे. आम्हालाही असे चार दिवस काढायचे आहेत. केव्हा, कुठे, कसं करावं? (एक वाचक, विजयनगर, असाच प्रश्न देवास आणि धारहूनही)

केव्हा, याचं उत्तर शेत देतं. आमच्याकडे संक्रांत झाली की वसंत पंचमीच्या आसपासचे दिवस बरे पडतात. सोयाबीन कधीच निघालेलं असतं, नोव्हेंबरात पेरलेला गहू गुडघ्यापर्यंत आलेला असतो, कापणी मार्चवर असते. लसणाची निंदणी तेवढी चालू असते. दिवसाचं ऊन पाठीवर घ्यावंसं वाटतं आणि रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, म्हणजे शिवलेलं त्याच रात्री अंगावर घेता येतं. मे महिन्यात कुणी गोधडी मांडीवर घेऊन बसेल का?

शेतच हवं असं मुळीच नाही. कुणाचं माहेरचं घर गावात असेल, कुणाची मोठी गच्ची असेल, तीही चालते. मुक्काम मात्र हवा. दिवसाची बैठक केली की चार वाजल्यापासून प्रत्येकीचं लक्ष घड्याळाकडे जातं. कुणाची मुलं येणार, कुणाकडे दूधवाला. रात्री राहायचं ठरलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात सैल पडतात, आणि मग बोलणंही सैल होतं. आमच्यातल्या एकीनं नवऱ्याच्या आजाराबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं ते तिसऱ्या दिवशी, सुईत दोरा ओवता ओवता. समोर बघून बोलायला जे जड जातं ते हातातल्या कामाकडे बघून बोलता येतं.

आठ जणी जास्त नाहीत, पण एका गोधडीभोवती चौघींच्या वर बसू नये. कोपरं लागतात. दोन गोधड्या मांडा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खाट घ्या, गोधडी खाटेवर पसरा आणि दोन्ही बाजूंना स्टुलावर बसा. आमच्याकडे आता निम्म्या जणी अशाच शिवतात.

पहिल्या दिवशी सुई काढायचीच नाही. प्रत्येकीनं आणलेलं कापड, घरून धुऊन वाळवून आणलेलं, अंगणात पसरायचं आणि कुठलं कशाशी जातं ते सावकाश बघायचं. घाईनं निवडलेले रंग पुढे वर्षानुवर्षं डोळ्यांना खुपतात. शिवायला बसायचं ते सकाळी नऊनंतर, दंव सुकल्यावर, आणि साडेचारनंतर बारीक टाके थांबवायचे. उतरत्या उन्हात हाताची सावली टाक्यावर पडते आणि डोळ्यांवर ताण येतो. जेवण आळीपाळीनं करा आणि साधं ठेवा. एक दिवस दाल-बाफले, बाकी खिचडी, भाकरी, मेथी, लसणाच्या पातीची चटणी. सकाळी पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, हे काय इंदूरकरांना सांगायला हवं! संध्याकाळी गराडूचे कंद तळा, किंवा शेतात असाल तर ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजा. चार दिवस पंचपक्वान्नं करत बसलात तर चौघी चुलीपाशीच राहतील.

आणायचं काय? लांब सुया, सुती दोरा, मेणाचा तुकडा, अंगुस्तान, स्वतःची कात्री, चष्मा आणि जाड शाल. दोरे राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत सगळे मिळतात. सगळ्यांनी मिळून एकदम घ्या, म्हणजे रंग आणि जाडी सारखी येते.

एक गोधडी सगळ्यांची मिळून करा. ती कुणाला द्यायची हे पहिल्याच दिवशी ठरवा, शेवटच्या दिवशी नको. आम्ही ती ज्या घरात बाळंतपण असेल किंवा कुणी दीर्घ आजारात असेल त्या घरी देतो. माणूस ठरलेला असला की शिवताना सगळ्या त्याचाच विचार करतात, आणि त्यासाठी तर आपण जमतो.

टाके सरळ येत नाहीत आणि बोटं दुखतात. मैत्रिणीचे टाके इतके सुबक असतात की तिच्या शेजारी बसायला संकोच वाटतो. (एक वाचक, महू)

सरळपणाची काळजी सोडा. अंतराची घ्या. दोन ओळींत बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त जागा सुटली तर धुतल्यावर आतलं जुनं कापड गोळा होतं आणि गोधडीत गाठोडी होतात. आमच्या शेजारच्या शेतातल्या मावशी माळवी बोलतात. त्यांनी पट्टी कधी हातात धरलेली नाही. प्रत्येक ओळीला त्या बोटाचं पेर टेकवून पाहतात आणि पुढे जातात. त्यांच्या गोधड्या वीस-वीस वर्षं वापरात आहेत.

काम या क्रमानं करा. चारी थर पसरून हातानं सुरकुत्या कडांकडे सारा. मग मधून कडांकडे मोठे मोठे कच्चे टाके घाला, वीतभर अंतरावर. हे टाके नंतर काढायचे असतात, पण ते नसले तर थर सरकतात. त्यानंतर पक्का धावदोरा कडेपासून सुरू करा आणि चौकोनात फिरत फिरत आत या, मध्यावर संपवा. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांच्या कवंद्या, म्हणजे गोधड्या, अशाच कडेकडून आत शिवत नेतात. या पद्धतीत चौघी चार बाजूंना बसू शकतात आणि कुणालाही कुणाची वाट बघावी लागत नाही.

बोटं दुखतात याचं कारण बहुतेक वेळा थर जास्त असणं हे असतं. हातानं शिवायची तर चार, फार तर पाच थर. दोरा हातभराहून लांब घेऊ नका, तो मेणावरून एकदा ओढून घ्या. दर टाक्याला सुई ओढायची नाही. तीन-चार टाके सुईवर घ्या आणि मग एकदम ओढा. सुई ढकलणाऱ्या बोटात अंगुस्तान घाला. पहिला दिवस ते अडचणीचं वाटतं, दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशिवाय चालत नाही. पोती शिवायची दाभण वापरू नका, भोकं मोठी पडतात आणि जुनं सूत तिथूनच फाटतं.

आता संकोचाचं. आमच्या बैठकीत एक नियम कडक आहे. दुसरीनं घातलेला टाका कुणी उसवायचा नाही. कितीही तिरका असला तरी नाही. रात्री सगळ्या झोपल्यावर गुपचूप सुधारायचा नाही. चौघींच्या गोधडीत चार हात दिसलेच पाहिजेत. मला आजही आमच्या जुन्या गोधड्यांवर हात फिरवून सांगता येतं की ही बाजू कुणाची. त्यातली एक मैत्रीण आता नाही. तिचे टाके लांब आणि थोडे सैल असायचे, आणि ते तसेच आहेत याबद्दल आम्ही सगळ्याच फार समाधानी आहोत. तुम्ही त्या सुबक टाक्यांच्या मैत्रिणीच्या शेजारीच बसा.

कुठलं कापड चालतं? घरात नायलॉन, जॉर्जेट, माहेश्वरी, सगळंच आहे. (एक वाचक, उज्जैन)

कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. नायलॉन, पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. हा मणीवाला प्रकार गोधडीत घेऊ नका. घाम शोषत नाही आणि सुती थराशी त्याचं जमत नाही, एक चढतं, दुसरं घसरतं.

माहेश्वरीचा ताणा बहुधा रेशमी आणि बाणा सुती असतो. जुनी झाली की रेशमाचे धागे आधी तुटतात. अशी साडी फक्त वरच्या थराला घ्या, तिच्या खाली लगेच जुनी मलमल घाला आणि ओळी जवळ जवळ शिवा. जरीचं काम असेल तर जर काढून ठेवा. सुई अडते आणि गालाला टोचते.

वडील मिलमध्ये कामाला होते. त्यांनी आणलेलं लट्ठ्याचं, म्हणजे जाड सुती कापडाचं, अख्खं थान आईनं जन्मभर जपलं. आता घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या आहेत. त्याचं काय करावं? (एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर)

तुमचं पत्र मी बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्यातल्या दोघी मिल कामगारांच्या मुली आहेत. मालवा मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल, कल्याणमल मिल, ही नावं आता वस्त्यांची आणि चौकांची वाटतात. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद झाली, त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तिचा भोंगा ठाऊकच नाही. अनंत चतुर्दशीला मिल कामगारांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, रात्रभर इंदुरात फिरतात, तेवढी ओळख उरली आहे. अशा शहरात एका घरात अख्खं थान शिल्लक असणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्या आईनं ते विकलं नाही, कुणाला दिलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आधी थान उलगडून कापड तपासा. प्रत्येक पिवळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना धरून हलकंसं ताणा. टिकलं तर उत्तम. रेघेवर फाटलं तर तिथून सरळ फाडून पट्ट्या वेगळ्या करा, मधलं कापड खणखणीत निघेल. मग सगळं रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. कोऱ्या लट्ठ्यात खळ असते, पाणी दुधाळ होईल. दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा. हे टाळू नका. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि जुन्या साडीबरोबर तसंच शिवलं तर वरची साडी ठिकठिकाणी फुगते. आटवून घेतलेला लट्ठा गोधडीच्या खालच्या बाजूला लावा, त्याच्यासारखं अस्तर नाही. वर आईच्या साड्या घ्या. थानाच्या टोकाला मिलचा छापा असेल तर तो भाग कापून टाकू नका. अस्तराच्या एका कोपऱ्यावर येईल असा ठेवा आणि त्याच्यावरून टाका न नेता भोवतीनं न्या.

एका थानात दोन-तीन गोधड्यांची अस्तरं निघतील. भावंडं असतील तर एकेकाला एकेक जाऊ द्या.

आम्ही दोघं निवृत्त झालो. इंदुराजवळ एक-दोन एकर घेऊन तुमच्यासारखं शांत राहावं असं मनात आहे. जमेल का? (एक वाचक, अन्नपूर्णा रोड)

जमेल, पण शांततेसाठी घेऊ नका. शेतावर शांत असं फार थोडं असतं. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मला हे जगणं इतकं प्रिय आहे की कुणी चुकीच्या कल्पनेनं यावं आणि वर्षभरात कंटाळून विकून जावं, याचं वाईट वाटतं.

जमीन बघायची तर मे महिन्यात बघा. पावसाळ्यात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात आणि सगळंच हिरवं दिसतं. मेमध्ये विहिरीत किती पाणी आहे, शेजारच्यांच्या बोअर किती खोल गेल्या आहेत, ते विचारा. आपली माळव्याची काळी माती गव्हाला सोन्यासारखी, पण पावसात पाय रुततो, गाडी तर दूरच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या पायाला हे लक्षात ठेवावं लागतं. रस्ता पक्का आहे का हे ऑगस्टात पुन्हा एकदा जाऊन पाहा.

मग काम. गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या सुमारास लागतं, तेव्हाच मुळं धरतात. ते चुकवून चालत नाही, आणि वीज आपल्या सोयीनं येत नाही. जानेवारीच्या रात्री दोन वाजता नळी बदलायला जावं लागलं तर जायची तयारी हवी. त्याच दिवसांत पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडायची भीती असते, हरभरा एका रात्रीत करपतो. तशी रात्र वाटली की हलकं पाणी देतात, बांधावर धूर करतात. नीलगाई कळपानं येतात आणि कोवळं पीक खाऊन, तुडवून जातात. लसणाचा भाव एका वर्षी डोळे दिपवतो आणि पुढच्या वर्षी चोइथराम मंडीत नेण्याचं भाडंही सुटत नाही. म्हणून दोन एकरांवर घर चालवायचा हिशेब मांडू नका. पेन्शन घराला असू द्या, शेत वर्षाचे गहू, डाळ, भाजी देईल आणि स्वतःचा खर्च काढेल एवढंच धरा. विकत घेण्याआधी एक वर्ष कुणाच्या तरी शेतावर भाड्यानं राहून पाहता आलं तर सगळ्यात चांगलं.

मातीची एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करा. कंपोस्टचा खड्डा. शेणाचा नुसता ढीग नको. जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट आपल्याच गावातलं आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदुरातल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. इथल्या शेतकऱ्यांकडे जे होतं तेच त्यांनी वापरलं. पिकाचा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चुलीची राख. थरावर थर देऊन ओल राखायची, तीन वेळा उलथायचं, तीन महिन्यांत खत तयार. आम्ही आजही असंच करतो. गोधड्यांच्या बैठकीतले सुती कापडाचे निरुपयोगी तुकडे आणि दोऱ्यांची टोकंही त्याच खड्ड्यात जातात, आणि पुढच्या वर्षी शोधून सापडत नाहीत. पॉलिस्टरचा एखादा धागा चुकून गेला तर तो मात्र जसाच्या तसा वर येतो.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाय ठेवायची असेल तर स्वतःला बांधून घेणं मान्य असलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ धार काढावी लागते, मग लग्न असो, आजारपण असो. आम्हाला दोघांना मिळून कुठे चार दिवस जाता येत नाही. मैत्रिणी आमच्याकडे येतात त्याचं मूळ कारण हेच आहे. पूर्वी त्या सहलींना जायच्या आणि मी नसायचे. मग त्यांनीच ठरवलं की जिला हलता येत नाही तिच्याकडे आपण जायचं. मी सकाळी गोठ्यात असते तेव्हा त्या माझ्याशिवाय शिवायला बसतात, दुपारी एखादी माझ्याबरोबर लसूण निंदायला येते. तुम्ही मळा घेतलात तर घर बांधताना एक खोली जास्तीची बांधा आणि अंगण मोठं ठेवा. शेतावर माणसं येत राहिली तरच दोघांचं आयुष्य तिथे रमतं.

मी पुरुष आहे, शिवणाची आवड आहे. अशा बैठकीला आलेलं चालेल का? (एक वाचक, देवास)

का नाही? कापूस पिंजणारे, कपडे शिवणारे पुरुष आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. आमच्याकडे रात्रीचा मुक्काम बायकांचा असतो, दिवसा जरूर या. तुमच्या भागात चार मित्र जमवून बैठक केलीत तर फार आनंद होईल.

मुलगी पुण्यात असते. म्हणते, आई, जड गोधडी नको, ठेवायला जागा नाही, धुवायची कशी? (एक वाचक, सुदामानगर)

तिचं बरोबर आहे. तिच्यासाठी दोनच थरांची करा. दोन मऊ सुती साड्या एकमेकींना पाठ लावून. आत गोळा व्हायला कापड नाही, म्हणून ओळी दोन बोटं अंतरावर चालतात. एसीच्या खोलीत एवढी पुरते, घडी उशीएवढी होते आणि घरच्या मशीनमध्ये धुता येते. एक साडी तुमची घ्या, एक तिची शाळेच्या स्नेहसंमेलनात नेसलेली असेल तर ती. आतल्या एका कोपऱ्यावर तिचं नाव आणि साल दोऱ्यानं काढा. वर्ष लिहायला आपण बायका विसरतो आणि पुढे कुणाला काही सांगता येत नाही.

चार-पाच थरांची गोधडी धुवावी कशी? (अनेक वाचक)

वर्षातून एकदा, होळीनंतरच्या कडक उन्हात. एरवी नुसतं ऊन दाखवलं आणि काठीनं झटकली तरी पुरतं.

रिठे आदल्या रात्री भिजवा, सकाळी कुस्करून गाळून घ्या. त्या कोमट पाण्यात गोधडी अर्धा तास ठेवा आणि पायांनी तुडवा. ब्रश लावू नका, टाके तुटतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. पिळायची नाही, ओल्या गोधडीचं वजन इतकं असतं की पिळताना जुनं कापड आतून फाटतं आणि बाहेरून कळत नाही. दोघींनी मिळून उचला आणि खाटेवर आडवी टाका, पाणी आपोआप निथळेल. दोरीवर टांगली तर एका बाजूला ओढून लांब होते. दुपारी उलटा. वरून वाळलेली वाटली तरी आतले थर ओले असतात, म्हणून गाल टेकवून पाहा. गार लागली तर आणखी एक दिवस ऊन द्या. ठेवताना घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, जुन्या सुती चादरीत बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. आणि दर वर्षी घडी वेगळ्या जागी मोडा.